पत्र कोणासाठी असतं?

(वालावल इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याच्या शेजारचं तळं, पलीकडे कर्लीचं पात्र. अशा गावात पत्रांवर बोलायला मला बोलावलंत, याबद्दल आधी आभार मानतो. मला दिलेला विषय आहे 'पत्रलेखनाची परंपरा आणि तिचा गौरव'. असा विषय मिळाला की वक्त्यासमोर एक सोपी वाट असते. पोस्टमनची सायकल, खाकी पिशवी, निळं अंतर्देशीय, उंबऱ्यावर वाट बघणारी आई असं एकेक चित्र उभं करायचं. मग मोबाइलला चार शिव्या द्यायच्या. श्रोत्यांचे डोळे पाणावतात, वक्त्याला टाळ्या मिळतात, आणि घरी जाऊन कोणीही कोणाला पत्र लिहीत नाही. (हशा)

मला त्या वाटेनं जायचं नाही. आठवणी खोट्या असतात असं माझं म्हणणं नाही. पण मी समीक्षेचा माणूस आहे, आणि कुठल्याही वाङ्मयप्रकाराला जे प्रश्न विचारायचे तेच पत्रालाही विचारले पाहिजेत असं मला वाटतं. पत्र असं काय करतं, जे कथा, कविता, लेख करू शकत नाहीत? चांगलं पत्र कशाला म्हणायचं? आणि आपण पत्राचा गौरव करतो तेव्हा नक्की कशाचा करतो?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला तपासता येईल. पत्र म्हणजे एका ठरावीक माणसासाठी केलेलं आणि त्याच्या उत्तराची वाट बघणारं लेखन. त्याला समोरचा माणूस लागतो आणि उत्तराची जागा लागते. हस्ताक्षर, कागद, शाई, तिकीट या सगळ्या नंतरच्या गोष्टी. आपले गौरवाचे कार्यक्रम मात्र या नंतरच्या गोष्टींवरच थांबतात, अशी माझी तक्रार आहे.

थोडा इतिहास बघू. पोस्टकार्ड पहिल्यांदा निघालं ते ऑस्ट्रियात, १८६९ साली. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ ला आलं, किंमत पाव आणा. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८० मध्ये, मनीऑर्डर सुरू झाली. आपलं निळं अंतर्देशीय स्वातंत्र्यानंतरचं, २ ऑक्टोबर १९५० चं. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातलेच, केळशीचे, आणि टपाल खात्यात असून संस्कृतचे कवी. म्हणजे तुमच्या पत्त्यातला ४१६ हा आकडासुद्धा एका कवीच्या हाताखालून आलेला आहे.

घरात जुनी पत्रं असतील त्यांना एक उपयोगाची गोष्ट सांगतो. पत्रावर तारीख नसेल तर पत्ता बघा. 'मु. पो. वालावल, तालुका कुडाळ, जिल्हा रत्नागिरी' असं लिहिलेलं असेल तर ते पत्र बहुधा १ मे १९८१ च्या आधीचं आहे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी झाला. बहुधा म्हणतो, कारण सवयीनं 'जिल्हा रत्नागिरी' लिहिणारे पुढेही कित्येक वर्षं होतेच. पिन कोड असेल तर ते १९७२ नंतरचं.

आणि आता या व्यवस्थेचे एकेक दिवे मालवताहेत. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. डेन्मार्कच्या टपाल कंपनीनं २०२५ च्या अखेरीला घरोघर पत्रं वाटणंच थांबवलं. अशा वेळी गौरवाचे कार्यक्रम वाढतात. माणूस आजारी पडला की त्याचे सत्कार वाढतात, तसंच काहीसं. (हशा)

आपल्या टपाल खात्याची 'ढाई आखर' नावाची पत्रलेखन स्पर्धा २०१७ पासून देशभर चालते. पत्र हातानं लिहायचं, अंतर्देशीय असेल तर पाचशे शब्दांपर्यंत, पाकिटातलं असेल तर हजार शब्दांपर्यंत. बक्षिसंही असतात. मुलं यात भाग घेतात, शाळा घेतात. उपक्रम चांगल्या हेतूनं चालतो, त्याला माझा विरोध नाही. पण मी त्याकडे समीक्षक म्हणून बघतो तेव्हा विषय बघतो. २०१७ चा विषय होता बापूंना पत्र. २०१८ चा मातृभूमीला पत्र. २०१९ ला पुन्हा बापू. पुढे एका वर्षी 'नव्या भारतासाठी डिजिटल इंडिया' हा विषय होता, म्हणजे पत्रानं डिजिटलचं कौतुक करायचं.

आता विचार करा. बापू उत्तर देणार नाहीत. मातृभूमी उत्तर देणार नाही. त्या मुलाला हे ठाऊक असतं, शिक्षकांना ठाऊक असतं, परीक्षकांना तर असतंच. मग मूल लिहितं कोणासाठी? परीक्षकासाठी. वरती 'प्रिय बापू' असं लिहिलेला तो निबंध असतो. मायना आहे, पण पलीकडे माणूस नाही.

याउलट जागतिक टपाल संघटना १९७१ पासून मुलांसाठी आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा घेते. २०२१ साली तिचा विषय होता: कोविडच्या काळातल्या तुमच्या अनुभवाबद्दल घरातल्या एखाद्या माणसाला पत्र लिहा. स्पर्धाच ही, परीक्षक इथेही आहेत. पण इथे मुलाला आजीचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा लागतो. आजीला काय ठाऊक आहे आणि काय सांगायला हवं, कुठला शब्द तिला दुखवेल, याचा विचार करावा लागतो. पत्रलेखनाचं शिक्षण म्हणतात ते हेच. तेव्हा पुढच्या वर्षी तुमच्या शाळेतली मुलं स्पर्धेचं पत्र लिहितील तेव्हा एवढं करा: त्याबरोबर दुसरं एक पत्र खऱ्या माणसाला लिहायला सांगा, आणि त्याचं उत्तर आलं की ते वर्गात आणायला सांगा. गुण उत्तराला द्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. इथल्या घरांचा पत्रव्यवहार म्हणजे प्रामुख्यानं चाकरमान्यांचा. मुंबईला गिरणीत, गोदीत, हॉटेलात, कोणाच्या घरी कामाला गेलेला माणूस आणि गावात राहिलेलं घर. 'मनीऑर्डर इली काय?' हा प्रश्न या भागातल्या किती अंगणांत विचारला गेला असेल!

मनीऑर्डरीचा फॉर्म तुमच्यापैकी वयानं मोठ्या मंडळींना आठवत असेल. खाली एक छोटी जागा मजकुरासाठी सोडलेली असायची. त्या दोन बोटं जागेत मुलगा काय लिहिणार? 'पैसे पाठवले आहेत. तब्येत सांभाळा. सुट्टी मिळाली तर येतो.' ते कुपन पैसे घेणाऱ्याकडे राहायचं. आणि पोचपावतीचा भाग पैसे घेणाऱ्याच्या सहीनं किंवा अंगठ्यानं परत पाठवणाऱ्याकडे जायचा.

हा अंगठा मला फार महत्त्वाचा वाटतो. आई निरक्षर आहे, ती पत्र लिहू शकत नाही. पोस्टमन पडवीत बसतो, पैसे मोजून देतो, तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवतो. थोड्या दिवसांनी तो कागद परळच्या किंवा लालबागच्या खोलीत पोचतो. मुलगा बघतो, आईचा अंगठा आहे. म्हणजे आई आहे, धड आहे, पैसे तिच्याच हातात पडलेत. खात्याच्या दृष्टीनं तो हिशेबाचा कागद. पण माझ्या व्याख्येनुसार ते पूर्ण पत्र आहे. ते एकाच माणसासाठी आहे आणि ते उत्तर आहे. एकही अक्षर नसलेलं पत्र. मराठी पत्रवाङ्मयाच्या कुठल्याही ग्रंथात त्याला जागा नाही, कारण आपण पत्र म्हणजे अक्षर असं धरून बसलोय.

बरं, आईला अंगठ्यापेक्षा जास्त काही सांगायचं असेल तर? मग ती शाळेच्या मास्तरांकडे जायची, किंवा पोस्टमनलाच लिहायला सांगायची. इथे मला एक उदाहरण रचून दाखवायचंय. हे कुठल्या खऱ्या पत्रातलं नाही, पण तुम्हाला ते ओळखीचं वाटेल. आई मालवणीत सांगते: 'पैशे इले म्हणान सांगा. म्हस गाबण आसा. आणि म्हणा, चवथीक येतलंस मा?'

मास्तर लिहितात: 'चि. अमुक यास अनेक आशीर्वाद. पैसे पोचले. म्हैस गाभण आहे. तरी गणेश चतुर्थीस येणे करावे. कळावे.'

माहिती सगळी आली. एकही मुद्दा सुटला नाही. सुटला तो 'मा'. मालवणी बोलणाऱ्यांना सांगायला नको, त्या 'मा'मध्ये काय आहे. येशील ना, असं विचारणं आहे. येणार नाहीस अशी धास्ती आहे. नाही आलास तरी रागावणार नाही, हेही आहे. मास्तरांच्या हातून त्याचं 'येणे करावे' झालं. प्रश्नाचा हुकूम झाला. मुलानं मुंबईत ते वाचलं तेव्हा त्याला आईचा आवाज ऐकू आला असेल का? त्यानं तो मनातल्या मनात परत मालवणीत आणला असेल, असं मला वाटतं. चांगला वाचक तेच करतो. पण कागदावर तो आवाज नाही.

मास्तरांना दोष देऊ नका. पत्रात बोली लिहायची नसते, असं त्यांनाही कोणी शिकवलं होतं. मराठी पत्र ही घरगुती गोष्ट असली तरी तिचा साचा दरबारातून, कचेरीतून आलेला आहे. राजमान्य राजश्री, साष्टांग नमस्कार विनंती विशेष, लोभ असावा ही विनंती. पेशवाईतल्या पत्रांचे हे मायने आपल्या पोस्टकार्डापर्यंत उतरले, आणि जागा कमी पडायला लागली तशी त्यांची आद्याक्षरं झाली. रा. रा., सा. न. वि. वि., ता. क. आम्हाला शाळेत मायन्यांचा तक्ता पाठ असायचा. वडिलांना तीर्थरूप, वडिलांसारख्या माणसाला तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव.

या मायन्यांचं आज फार कौतुक होतं. 'काय ती संस्कृती, काय तो आदर!' असं म्हणतात. मला त्यातली अर्धी गोष्ट मान्य आहे. मायना लिहिताना माणसाला थांबून ठरवावं लागायचं, की मी कोणाशी बोलतोय आणि माझं त्याच्याशी नातं काय. हा थांबा चांगला होता. दुसरी अर्धी गोष्ट अशी की मायना सगळ्यांना सारखा नव्हता. सवाष्णीला 'सौ.' आणि विधवेला 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी. हे पाकिटावर, बाहेरच्या बाजूला लिहिलेलं असायचं. म्हणजे पत्र आलं की पोस्ट मास्तरपासून वाडीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना त्या बाईचं वैधव्य पुन्हा एकदा वाचून दाखवलं जायचं. आणि मुंबईच्या नवऱ्याचं गावातल्या बायकोला पत्र? ते बहुधा वडिलांच्या नावे यायचं. सगळा मजकूर वडिलांसाठी, आणि शेवटी 'घरातील सर्वांस नमस्कार आशीर्वाद'. त्या 'सर्वांस'मध्ये बायको असायची. तिनं तेवढ्यावर समजून घ्यायचं.

तेव्हा जुन्या पत्रांत सगळं मोकळेपणानं लिहिलेलं असायचं, ही आपली कल्पना बरीचशी आपणच नंतर तयार केलेली आहे. पोस्टकार्ड तर सगळेच वाचायचे. एखादा कोपरा फाडलेला दिसला की मजकूर वाचायच्या आधीच घरात रड सुरू व्हायची, कारण ती मृत्यूची खूण होती. मराठी माणूस पत्रात मोकळा झाला तो मायन्याशी झगडून झाला. मी चांगलं पत्र ओळखतो ते या झगड्यावरून.

त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आनंदीबाई जोशी. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातच नोकरीला होते, हा एक योगायोग. दुसरं म्हणजे आनंदीबाईंचं अमेरिकेला जाणंच एका पत्रातून उगवलं. गोपाळरावांनी पाठवलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी नियतकालिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या, तिथे त्यांनी ते वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे १८८३ मध्ये आनंदीबाई निघाल्या, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, मार्च १८८६ मध्ये एम. डी. झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. तेव्हा त्यांना बावीसही पूर्ण झाली नव्हती.

त्या अमेरिकेतून गोपाळरावांना पत्रं लिहीत. त्यातल्या एका पत्रात त्यांनी नवऱ्याच्या वागणुकीचा हिशेब मांडलाय. लहान वयात लाकडानं मारलं, खुर्च्या-पुस्तकं अंगावर फेकली, सोडून जाण्याची भीती घातली, या सगळ्याचा त्यात उल्लेख आहे. हे चांगलं की वाईट हे ठरवणं कठीण आहे असंही त्या म्हणतात, कारण शिकले ते यातूनच. आणि हिंदू बाईला नवऱ्यापुढे बोलण्याचा हक्क नाही, गप्प राहण्याचाच आहे, हेही त्या लिहितात. लिहितात कोणाला? त्याच नवऱ्याला.

हे वाक्य त्या कल्याणच्या किंवा कोलकात्याच्या घरात तोंडावर बोलू शकल्या असत्या का? मला नाही वाटत. समोरच्यानं मध्येच तोडलं असतं, आवाज चढवला असता, किंवा नुसतं बघितलं असतं तरी पुरलं असतं. पत्रात समोरच्याला मध्ये बोलता येत नाही. त्याला शेवटपर्यंत वाचावं लागतं, आणि उत्तर द्यायचं तर कित्येक आठवडे समुद्रावर जातात. एवढी जागा आणि एवढा वेळ त्या मुलीला दुसऱ्या कुठल्या मार्गानं मिळाला नसता. सभेत किंवा वर्तमानपत्रात हे बोलल्या असत्या तर ती नवऱ्याची निंदा झाली असती. एकाच माणसाला सांगितलं म्हणून ते निंदेच्या पलीकडे गेलं. कथा-कवितेला जमत नाही असं पत्र काय करतं, या माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आपल्यावर सत्ता असलेल्या माणसालाच, त्याच्याबद्दलचं खरं, तोडलं न जाता पूर्ण सांगता येणं.

आता छापील पत्रवाङ्मयाकडे वळू. या कसोटीवर त्याचे सरळ तीन गट पडतात.

एक, ज्यात पत्राचा नुसता वेश आहे. लोकहितवादींची 'शतपत्रे' घ्या. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात आलेली ही १०८ पत्रं. विचार धारदार, पण ती समाजाला उद्देशून आहेत. ते निबंध आहेत आणि निबंध म्हणूनच मोठे आहेत. त्यांना पत्र म्हणून मोठं म्हणायची गरज नाही.

दोन, ज्यात एक खरा माणूस समोर आहे पण त्याच्या मागे अख्खी सभा बसलेली आहे. साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' पुतणी सुधाला लिहिलेली. पंडित नेहरूंनी १९२८ मध्ये मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला लिहिलेली पत्रं याच जातीची. सुधा खरी आहे, म्हणून गुरुजींची भाषा हलकी होते, प्रेमळ होते, तिला कळेल असं ते सांगतात. पण देशातली सगळी मुलं ऐकताहेत, हेही त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या पत्रांत फक्त सुधालाच कळेल असं फार थोडं आहे. हा दोष नाही, ही या प्रकाराची मर्यादा आहे. वा. म. जोशी यांनी 'इंदु काळे व सरला भोळे' ही अख्खी कादंबरी पत्रांतून लिहिली, तीही इथेच बसते. पात्रं एकमेकांना लिहितात, पण लेखक आपल्यासाठी लिहीत असतो.

तीन, ज्यात खरंच एकच माणूस समोर आहे. इथे मी जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार ठेवतो. सुनीताबाईंचं तुमच्या या मालवण-कुडाळ भागाशी, धामापूरशी घरचं नातं, म्हणून इथे त्यांचं नाव घेताना परक्या माणसाबद्दल बोलतोय असं वाटत नाही. जी. ए. धारवाडला राहायचे, लोकांत मिसळणं टाळायचे. सुनीताबाई पु. लं.च्या घरच्या, म्हणजे कायम माणसांच्या गर्दीत. दोघांच्या प्रत्यक्ष भेटी मोजक्याच. नातं उभं राहिलं ते पत्रांवर.

हा पत्रव्यवहार छापला कसा गेला ते बघा. जी. एं.ची पत्रं एका खंडात आली. सुनीताबाईंची पत्रं पुढे वेगळ्या पुस्तकात, 'प्रिय जी. ए.' या नावानं. म्हणजे प्रश्न एका पुस्तकात आणि उत्तर दुसऱ्यात. नुसता जी. एं.चा खंड वाचला की एक विलक्षण वाचलेला, तिरकस, एकटा माणूस बोलतोय असं वाटतं. दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन तारखा जुळवून वाचली की कळतं, तो एकटा बोलत नाहीये. समोरची बाई त्याला अडवतेय, चिडवतेय, स्वतःचं दुखणं सांगतेय, आणि त्यामुळे त्याचं पुढचं पत्र बदलतंय. जी. एं.च्या कथांमध्ये नियतीपुढे माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो. पत्रांमध्ये ते स्वतः तसे नाहीत. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी पत्रांतली चमकदार मतं उचलली, पण ही देवाणघेवाण फारशी उचलली नाही, असं माझं मत आहे. पत्रवाङ्मय छापायचं तर दोन्ही बाजू एकत्र छापाव्यात. एकाच बाजूची पत्रं छापणं म्हणजे टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाचं अर्धं बोलणं ऐकणं.

अजून एक जवळचं नाव घेतो. तुमच्या शेजारच्या तेंडोलीला बागलांच्या राईत जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर, आपले आरती प्रभू. कुडाळला खानावळ चालवत ते कविता लिहीत होते आणि त्या मुंबईत 'सत्यकथे'सारख्या मासिकांत छापून येत होत्या. 'जोगवा' हा पहिला संग्रह १९५९ चा. खेड्यात राहणाऱ्या लेखकाला त्या काळी संपादकाच्या पत्राचा केवढा आधार असे, हे आज कळणं कठीण आहे. कविता छापून येणं ही कौतुकाची गोष्ट. पण ही ओळ ढिली पडलीय, ही चांगली आहे, पुन्हा पाठवा, असं कोणीतरी आपल्या एकट्याला लिहिणं, हे वेगळं. मराठीतलं पुष्कळ चांगलं साहित्य अशा न छापलेल्या उत्तरांवर वाढलेलं आहे.

मग मोबाइलचं काय? इतका वेळ त्याला शिव्या दिल्या नाहीत, आताही देत नाही. उलट मघाचं उदाहरण आठवा. आज तीच आई मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवते: 'चवथीक येतलंस मा?' तो 'मा' जसाच्या तसा पोचतो. मास्तर मध्ये नाहीत, प्रमाण भाषा मध्ये नाही, 'गं. भा.' मध्ये नाही. माझ्या व्याख्येनं ते मास्तरांनी लिहिलेल्या पोस्टकार्डापेक्षा अधिक चांगलं पत्र आहे. हे मान्य केल्याशिवाय पत्राचा गौरव करू नये.

आणि सकाळी सकाळी शंभर जणांना गेलेलं गुलाबाच्या फुलाचं 'शुभ सकाळ' हे पत्र नाही. कारण ते कोणालाच लिहिलेलं नसतं. छापील दिवाळी कार्डांवर नुसती सही करून पाठवणारे लोक पूर्वीही हेच करत होते. तेव्हा यात दोष यंत्राचा नाही.

मोबाइलमध्ये उणीव आहे ती आनंदीबाईंना मिळालं त्याची. मध्ये कोणी न बोलता पूर्ण सांगण्याची सोय, आणि उत्तर लगेच न मागण्याची सोय. निळ्या खुणा दिसल्या की आपण अस्वस्थ होतो: वाचलं, मग उत्तर का नाही? अवघड गोष्टीला उत्तर द्यायला आठ दिवस लागतात, आणि ते आठ दिवस पत्र देत होतं. वडिलांशी जमिनीवरून बिनसलंय, बहिणीशी दहा वर्षं बोलणं नाही, मुलाचं लग्न मान्य नाही. अशा गोष्टी मेसेजवर भांडण होतात आणि फोनवर रडारड होतात. त्या पत्रात लिहिता येतात. पत्राची खरी गरज आज कुठे आहे असं मला विचाराल तर मी हीच जागा दाखवीन.

शेवटचा मुद्दा तुमच्या घरांचा आहे. या गावात, आजूबाजूच्या गावांत कितीतरी घरं वर्षातले अकरा महिने बंद असतात. चवथीला उघडतात. माळ्यावर ट्रंका आहेत आणि त्यांत पत्रं आहेत. कोकणातला पाऊस आणि वाळवी कोणाची वाट बघत नाही. घर दुरुस्तीला काढलं की पहिली कागदांची होळी होते. त्या पत्रांत मोठे लेखक नसतील. पण एका चाकरमान्यानं वीस वर्षांत घराला काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, हे दुसऱ्या कुठल्या दप्तरात मिळणार नाही.

तेव्हा ती जपा. पावसाआधी बाहेर काढा, कोरडी करा, वर्षावार लावा, पिन आणि स्टेपल काढून टाका कारण ते गंजतात, प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत कोंडू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारा, हा बाबू कोण, ही ताई कोण, आणि ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. ती माणसं गेली की ही नावं नुसती नावं उरतात. पण फोटो काढून लगेच गावच्या ग्रुपवर टाकू नका. ते पत्र एका माणसासाठी होतं. लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, दोघंही गेले असले तरी घरातल्यांना विचारा. काही पत्रं जपायची आणि छापायची नाहीत, हाही एक निर्णय असतो. तो घेण्याचा हक्क घराला आहे, संशोधकाला नाही. मी संशोधक असून हे सांगतोय. (हशा)

आणि लिहायचं असेल तर, पन्नास पैशांचं पोस्टकार्ड असो की चार पानी पाकीट, मायना तुमचा तुम्ही ठरवा. मालवणीत लिहायचं असेल तर मालवणीत लिहा, शुद्धलेखन बघायला कोणी येणार नाही. फक्त पत्रात एक तरी खरा प्रश्न असू द्या, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही आणि ते देऊ शकणारा माणूस तोच एक आहे. तो प्रश्न असेल तर पत्र आहे.

 आता तुमचे प्रश्न ऐकायला आवडतील.